चतुराबाईचे गव्हले

शिरूर अनंतपाळजवळच्या त्या गावात लग्न निघालं की पहिला गव्हला चतुराबाईच्या बोटांतून उतरायचा. दुधात भिजवलेल्या रव्याची चिमूट ती दोन बोटांत फिरवायची, की जिऱ्याएवढा दाणा पाटावर पडायचा. सगळे एका मापाचे. त्यांची खीर नवरा-नवरीला. बाकीच्या बायका मागून हात लावायच्या.

तुरीला फूल लागलं त्या दिवसांत ती बोटं थरथरू लागली.

आधी सुईत दोरा जाईना. मग चहा बशीत सांडू लागला. डोकं गरगरायचं, डोळ्यांतून पाणी गळायचं. तिनं सगळं उन्हावर ढकललं. नवरा ग्यानोबा पाठीवर पंप घेऊन औषध मारायचा. टिपाडात औषध कालवून पंप भरून द्यायचं काम तिचं. काठी सापडली नाही तर ती हातानंच ढवळायची. गरगरलं की बांधावर टेकायची, कमरेची डबी काढायची आणि त्याच बोटानं मिश्री लावायची. तंबाखूची ती काळी भुकटी हिरड्यांना लागली की तरतरी यायची. तरतरी आली की पुढचा पंप. गावातल्या बायकांची हीच रीत होती. कुणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं.

दिवाळीला लेक तनुजा नांदेडहून आली. ती तिथं कॉलेजात शिकत होती आणि तिचं लग्न उन्हाळ्यात धरलं होतं. ओवाळताना आईच्या हातातलं ताट वाजत होतं. तनुजानं ताटाला खालून हात दिला. जाताना आईला सोबत घेऊन गेली.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला हात पुढं धरायला लावले. काम विचारलं, मिश्री विचारली. मग सांगितलं, की फवारणीचं विष कातडीतून आत जातंच, तुम्ही तर ते बोटानं तोंडात घालताय. त्याचा मार नसांवर बसतो. मिश्रीनं थकवा कळत नाही, हात मात्र जास्तच हलतो. दोन्ही बंद करा. हात किती सुधारेल ते आज सांगता येणार नाही.

परतताना चतुराबाई लेकीला एवढंच बोलली, "तुपल्या लग्नाचे गव्हले कोण करंल गं?"

गावात उत्तर तयार होतं. धाकटी जाऊ गौरम्मा, उदगीरकडची, म्हणाली, "अक्का, तुमी नुसतं पाटावर बसा. आमी करू. तुमच्या हातून गव्हल्याचे लाडू पडतेल."

बायका हसल्या. चतुराबाईही हसली. घरी येऊन तिनं डबी चुलीत टाकली.

मग डोकं फुटायची वेळ आली. भाकरी गोड लागेना. ती दिवसभर ग्यानोबावर खेकसायची.

"लाव बाई मिश्री," तो म्हणाला, "मपला तरी जीव वाचंल."

म्हणाला, पण टिपाडाजवळ तिला पुन्हा येऊ दिलं नाही. हातमोजे आणले, लांब काठी आणली. त्याची तंबाखूची पुडी तिनं घरी ठेवून घेतली आणि बदल्यात हात धुवायला साबण दिला. बांधावर तो साबण दिसला की बायका खिदळायच्या.

दुपारी ती रवा भिजवून बसायची. दाणे वाकडे, टपोरे व्हायचे. ते कोंबड्यांना जायचे. कोंबड्या अंगणात वाट बघत बसू लागल्या. पौष गेला, माघ गेला. शिमग्याच्या सुमाराला कोंबड्यांना काही मिळेनासं झालं.

लग्नाआधी बायका जमल्या. गौरम्मानं परात आपल्याकडं ओढली. चतुराबाईनं ती परत ओढली. चिमूट घेतली. बोटं किंचित हलली. तिनं मनगट गुडघ्यावर टेकवलं, श्वास धरला. दाणा पाटावर पडला. जिऱ्याएवढा, सरळ. मग दुसरा. मग ओळ.

तनुजा आईच्या बोटांकडं बघत राहिली. शेवटी गौरम्मानंही एक दाणा वळून शेजारी ठेवला.

"उचल तो लाडू," चतुराबाई मान वर न करता म्हणाली. "मपल्या दाण्यात मिसळंल."

सगळ्यांत मोठ्यानं हसली ती गौरम्माच.