उजवीकडं फिरणारी मेंढी

उन्हात टाकलेल्या घोंगडीचा वास आला की मला पारनेरची माझी मास्तरकी आठवते. स्वातंत्र्याला अजून वर्षभर अवकाश होता. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो, हे पुस्तकातलं वाक्य मी एके दिवशी वर्गाला ठणकावून सांगितलं. एका पोरीनं विचारलं, "कशावरून?" मला उत्तर येत नव्हतं, म्हणून तिला दरडावून खाली बसवलं. घरी परतताना माळावर एक मेंढी उजवीकडंच गोल गोल फिरताना दिसली. जवळच्या धनगरणीला विचारलं, तर म्हणाली, "डोक्यात पान्याचा फोड झालाय, मास्तर. उजव्या अंगाला हाय." आता मी विचारलं, "कशावरून?" तिनं मेंढीच्या डाव्या डोळ्यापुढं हात हलवला, पापणी लवली नाही. "फोड उजवीकडं आसला की डावा डोळा जातो. आमची पोरंबी सांगतील." दुसऱ्या दिवशी मी अख्खा वर्ग माळावर नेला आणि त्या पोरीला सगळ्यांत पुढं उभं केलं. इतक्या वर्षांनी, परवा माझा डावा हात थोडा जड झाला. डॉक्टरीणबाई तपासायला वाकल्या तेव्हा मीच म्हणालो, "दुखणं उजव्या मेंदूत असेल." त्यांनी हसून विचारलं, "कशावरून?" या खेपेला माझ्याकडं मेंढी होती.