अप्पांनी ब्रेक दाबायला सांगितला तेव्हा

आमच्या अप्पांनी निपाणीकडं तीस वर्षं ट्रक चालवला. गुडघे गेल्यावर मी त्यांना शहरात, मल्लेश्वरमला माझ्याकडं आणलं. इथं त्यांना कामच नव्हतं. बाल्कनीत बसून रस्त्यावरच्या गाड्या ऐकायचे. "ह्याचा क्लच गेलाय बघ," म्हणायचे. मी "हं" म्हणून डबा भरत राहायची.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात माल पाठवायचं काम मी बघते. तिथला ट्रक पन्नासच्या पुढं गेला की स्टिअरिंग थरथरायचं. खड्डा आला तर ड्रायव्हरच्या हातातून सुटायलाच बघायचं. शेजारच्या गॅरेजवाल्या अण्णांनी पुढची चाकं दोनदा बॅलन्स केली, टायर बदलले. फरक शून्य. जेवताना मी हे सहज बोलले, तर अप्पांचा घास हातातच राहिला.

"पुढची चाकं उचलून हलवून बघितली का कुणी?"

"मला काय ठाऊक, अप्पा."

"मग उद्या मीच येतो."

मला संकोच वाटत होता. अण्णांना काय वाटेल? पण सकाळी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आधीच दारात उभे!

गॅरेजमध्ये ट्रक जॅकवर चढवला. खाली बसता येईना, म्हणून अप्पा स्टुलावर बसले. एक हात चाकाच्या वर, एक खाली, आणि चाक हलवलं. टक्.

"किंगपिन झिजलीय," अण्णा म्हणाले. "चाक जिच्यावर वळतं ना, ती खीळ. सगळं उतरवायला लागणार."

"स्वल्प थांबा," अप्पा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "चढ वर. ब्रेक दाब."

इतके ट्रक भरून पाठवले मी, पण त्या सीटवर कधी बसले नव्हते. ओढणी कमरेला खोचून चढले आणि पाय रोवून दाबला. अप्पांनी चाक पुन्हा हलवलं. खालून आवाज नाही.

"सोड."

टक्.

"दाब की!"

पुन्हा गप्प.

"किंगपिन असती तर ब्रेक दाबूनबी हलली असती," अप्पा म्हणाले. "ब्रेकनं चाक जखडलं की बेरिंगचा ढिलेपणा झाकतो. ही बेरिंग हाय."

 अण्णांनी चाक उतरवलं, बेरिंग काढून बोटांनी फिरवली. ती करकरली. आणि ते इतक्या जोरात हसले की समोरचा चहावाला वळून बघायला लागला. "सरी, अप्पाजी, बरोबर तुमचं! गुरुवारी अजून एक गाडी येणार आहे. तुम्ही यायचंच."

नवी बेरिंग बसवल्यावर आम्ही तिघं तुमकूर रोडला निघालो. ड्रायव्हर, अप्पा आणि खिडकीशी मी. साठला ड्रायव्हरनं पकड सैल केली, तर स्टिअरिंग जागचं हललं नाही.

"अजून पळव की जरा," अप्पा म्हणाले.

परतताना मेट्रोत त्यांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना सगळी हकीकत कन्नडमधून ऐकवली, चाक कसं हलवलं ते त्यांचाच खांदा दोन्ही हातांनी हलवून दाखवत. ते गृहस्थ चाक झाले होते बिचारे. मी इतकी हसत होते की आमचं स्टेशन मागं पडलं ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.