बाळंतपणाची गैरहजेरी

बाळंतपणाची रजा संपवून शुभांगी आज ऑफिसात आली ती बर्फीचा डबा घेऊनच. मुलगी झाली होती. कपातीची यादी सकाळीच फळ्यावर लागली होती आणि तिचं नाव त्यात होतं, पण तिला सांगायला कुणाची जीभ रेटेना. साहेबांनी तर दोन वड्या उचलून "बाळ कसं आहे?" असंही विचारलं.

नियम सगळ्यांना एकच होता: ज्याची हजेरी कमी, त्यानं घरी बसायचं. काय पण न्याय! तो ठरवणाऱ्या आम्हा पुरुषांना बाळंतपण थोडंच येणार होतं? हजेरीची बेरीज मीच केली होती.

शुभांगी फळा वाचून माझ्या टेबलापाशी आली.

"सावंतभाऊ, मी गैरहजर कधी होते हो?"

माझ्या तोंडात तिचीच बर्फी होती.