आमच्या एसीची जाळी

रिपोर्टर म्हटला की लोक मंत्र्यांचे नि मोर्च्यांचे किस्से मागतात. मोर्चे येतात नि जातात हो! आमच्या परभणीच्या ऑफिसात किस्से साचले ते एसीच्या जाळीवर. अगदी धुळीसारखे, कुणाचं लक्ष नसताना.

तो एसी मी भांडून मिळवला होता. दुपारचं ऊन थेट टेबलावर, आणि आम्ही घाम पुसत बातम्या लिहायच्या! पेपरचे मालक फोनवर म्हणाले, "पाठवतो. पण मे महिन्यात स्वतः येऊन बघणार. गार हवा लागली नाही, तर काढून नांदेडच्या ऑफिसला लावीन."

"या की," मी म्हणालो. "स्वेटर घेऊन या!"

*

एप्रिल उजाडेपर्यंत एसी नुसता घरघरायला लागला. आमचे ब्युरो चीफ देशमुखसाहेब. त्यांनी लगेच निदान केलं, "गॅस गेला." कॉम्प्युटर बंद पडला होता, तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

मेकॅनिकनं झाकण उचललं आणि जाळी बाहेर ओढली. रस्त्याची धूळ आणि जिनिंग मिलकडून उडत आलेला कापूस यांचा जाड थर! आमचा फोटोग्राफर फेरोज वाकून बघत म्हणाला, "साहेब, आत कुणी गोधडी घेऊन झोपलंय का?"

"ही धुवायची असती अधनंमधनं," मेकॅनिक म्हणाला.

साहेब भडकले. "धुवायची होती, तर कंपनीनं आत का लपवली?"

*

आता धुणार कोण? मी स्पष्ट सांगितलं, "मी पत्रकार आहे, परीट नाही!" फेरोज म्हणाला, "माझ्या हातात कॅमेरा असतोय." शेवटी साहेब जाळी घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी आली ती भाजलेल्या पापडासारखी वाकडी होऊन. वहिनींनी ती उकळत्या पाण्यात घातली होती!

"अण्णा, जंतू मेले म्हणाली ती," साहेब पडेल आवाजात मला म्हणाले.

"साहेब, जाळी पण वारली!"

*

मग नवीन जाळी आणायला आम्ही दोघं बाजारात गेलो. दुकानदारानं विचारलं, "मॉडेल कोणतं?"

"पांढरं," साहेब म्हणाले.

दुकानदारानं साध्या जाळ्या बाजूला सारल्या आणि एक जाडजूड फिल्टर काढला. "हा न्या, सगळं अडवतो. धूळ मरती, वास मरतो, विषाणू मरतो."

"हवा तरी जिवंत येते का?" मी विचारलं. दुकानदार हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी तोच घेतला, वर मलाच सुनावलं, "अण्णा, चांगल्या वस्तूला नावं ठेवू नका."

तो बसवला आणि हवा बंद! आत बर्फ साचला आणि थोड्या वेळानं वितळून साहेबांच्या टेबलावर ठिबकायला लागला. दुकानदार 'सगळं अडवतो' म्हणाला होता. माणूस खोटं बोलला नव्हता!

*

तो फिल्टर काढला. योग्य जाळी मिळेपर्यंत फेरोजनं एसीला जुन्या धोतराचा तुकडा ताणून बांधला. त्याच आठवड्यात साहेबांनी शहरातल्या धुळीवर घणाघाती लेख लिहिला, 'प्रशासन झोपले आहे काय?'

एक अधिकारी खुलासा घेऊन ऑफिसात आले. खुर्चीवर बसले, वर बघितलं आणि बघतच राहिले. धोतर फडफडत होतं.

"साहेब," ते शांतपणे म्हणाले, "आम्ही उठतो. तोवर तुम्ही ह्याला अंघोळ घाला."

*

अखेर बरोबर मापाच्या दोन साध्या जाळ्या मिळाल्या आणि एसी गार फेकायला लागला. मालक येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः त्या नळाखाली धुतल्या आणि गच्चीवर वाळत ठेवल्या. एसी नांदेडला जाऊ द्यायचा नाही म्हणजे नाही!

सकाळी आणायला गेलो, तर वरच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीण काकू सोऱ्या घेऊन बसलेल्या. दोन्ही जाळ्यांवर कुरडया!

"काकू, ही एसीची जाळी आहे!"

"मंग? लय झ्याक हाय, भाऊ. खालून बी हवा लागायलीय. पण दोन दिवस हलवायची न्हाई, मोडत्याल."

मी कलेक्टरांशी भांडलोय, मंत्र्याला भर सभेत अडवलंय. पण ओल्या कुरडईशी कसं भांडायचं?

तेवढ्यात खाली गाडी थांबली. मी धावत खाली गेलो. मालक सोबत एसी काढायला माणूसच घेऊन आले होते, पान्यासकट! उघडा एसी बघून ओरडले, "जाळी कुठंय?" साहेबांनी वर गच्चीकडे बोट केलं. या वेळी गॅसचं नाव काढलं नाही!

मालक तरातरा गच्चीवर गेले, मी मागोमाग. तोंड उघडणार, एवढ्यात काकू म्हणाल्या, "बाजूला सरका, वाळवणावर सावली पडायलीय."

मालक सरकले! आमच्या मालकांना सरकताना मी पहिल्यांदाच बघितलं. काकूंनी त्यांच्या हातात कुरडयांच्या गरम चिकाची वाटी दिली, वर दूध-साखर. एक घास खाऊन ते खाली बसले. दुसरा खाल्ला आणि डोळे मिटले.

थोड्या वेळानं बघतो, तर पानेवाला माणूस सोऱ्या पिळत होता, काकू "दाबून, दाबून!" म्हणत होत्या आणि मालक हेड ऑफिसला फोन लावत होते.

"हां, ऐका. आपल्याकडच्या सगळ्या एसींच्या जाळ्या काढा, स्वच्छ धुवा आणि आत्ताच्या आत्ता गाडीनं परभणीला पाठवा. अहो, कारण काय विचारता? इथं अर्धं पातेलं चीक उरलाय!"