कुंपणातली टकटक

नांदेडला आमच्या गल्लीत लाईट गेली की सगळे दारात येऊन लाईटवाल्यांच्या नावानं बोटं मोडतात, आणि मी हेडफोन घेऊन गच्चीवर पळते. पळते म्हणजे गुडघे पळू देतील तेवढं. शेजारीण खालून ओरडते, "काकू, तुमचा सण आला बघा!"

त्याचं असं आहे. जगात कुठंही वीज कडाडली की तिच्यातून रेडिओच्या लहरी निघतात. त्यातल्या लई हळू थरथरणाऱ्या लहरी जमीन आणि आभाळाच्या मधून हजारो मैल जातात. त्यांची थरथर आपल्या कानाला पेलेल एवढीच असते, म्हणून त्या ऐकायला स्टेशन लावायचा रेडिओ लागत नाही. तांब्याच्या तारेचं मोठं वेटोळं, आवाज वाढवणारी एक डबी आणि हेडफोन, झालं. दिवसा नुसती तडतड ऐकू येते, तेलात मोहरी टाकल्यासारखी. दिवस मावळला की मधूनच "टिऊं, टिऊं" असा आवाज येतो. तोही विजेचाच, पण आभाळ आणि जमिनीत आपटत आपटत आलेला.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. मोबाइलवर लोणच्याचे व्हिडिओ बघता बघता एका परदेशी म्हाताऱ्याचा व्हिडिओ लागला. भाषा कळली नाही, हात कळले. मोटार वाइंडिंगवाल्याकडून तार आणली आणि माळ्यावर पडलेल्या खिडकीच्या चौकटीवर गुंडाळली. यजमान म्हणाले, "आता ह्या खिडकीतून काय दिसणार?" म्हटलं, "दिसणार काही नाही. ऐकू येणार."

पण शहरात ऐकू येते ती फक्त लाईटची घूंऽऽऽ. पंखे, कूलर, मोटारी, सगळ्यांची मिळून. आधी लाईट गेली की ती बंद तरी व्हायची. आता घरोघरी इन्व्हर्टर आले, म्हणजे लाईट जाऊनही जात नाही.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी चौकट उचलली आणि धाकट्या जावेकडं निघाले. ती अहमदपूरजवळच्या आमच्या गावी राहते. दीर गेल्यापासून शेत ती एकटीच बघते. तिकडं शेताला लाईट रात्री कधीतरी सोडतात, संध्याकाळी तारा मेलेल्या. मला तेच पाहिजे होतं.

एसटीत कंडक्टर म्हणाला, "आजी, घर मागून येऊन राहिलं का? खिडकी पुढं आणलीत म्हणून विचारलं."

"घर न्हाई बाबा, रेडिओ हाय."

"मग खिडकीजवळच बसा," म्हणाला, आणि सगळी गाडी हसली.

जावेनं चौकट बघितली, मला बघितलं, आणि आधी चहा ठेवला. चहा पिता पिता तिचं गाऱ्हाणं सुरू झालं. तिनं उन्हाळी भुईमूग केला होता, विहिरीच्या पाण्यावर. शेंगा भरत आल्या, तशी रानडुकरं शिरायला लागली. एका रात्रीत वाफेच्या वाफे उकरून जातात. पोरानं तिला झटक्याचं मशीन बसवून दिलं होतं. शेताभोवती तार, तारेला बॅटरीवरचं मशीन. जनावराचं तोंड लागलं की झटका बसतो, मरत नाही, पण परत येत नाही. तरीबी डुकरं येतच होती.

"दुकानवाला येऊन गेला आक्का. म्हणतो मशीन झकास हाय."

"आणि पोरगा काय म्हणतो?"

तिनं कपबशी खाली ठेवली. "म्हणतो, हा भुईमूग जर डुकरांनी खाल्ला तर शेत बटईनं, निम्म्या वाट्यानं कसायला देऊ आन् तू लातूरला चल. बटईदार बी बघून ठेवलाय त्यानं. आता मला सांगा, तिथं तिसऱ्या मजल्यावर मी काय करू? कुंडीत भुईमूग लावू?"

पोरगा लातूरला क्लासमध्ये शिकवतो, गुणाचा आहे, त्याचंही चुकत नव्हतं. पण तिचं तोंड बघून मला चहा गोड लागेना.

दिवस कलला तसं आम्ही आखाड्यावर गेलो, म्हणजे शेतातल्या तिच्या पत्र्याच्या खोलीपाशी. मी चौकट बाजेला टेकवली, हेडफोन घातला, आणि काय सांगू! घूंऽऽऽ नाहीच. स्वच्छ तडतड. कुठं बंगालच्या समुद्रावर म्हणा, कुठं केरळात म्हणा, विजा पडत होत्या आणि मी भुईमुगाच्या बांधावर बसून ऐकत होते. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

मग त्यात एक वेगळाच आवाज लागला. टक्. टक्. टक्. एकसारखा, नाडीसारखा. विजा अशा ताल धरून पडत नाहीत. माझं काळीज उडालं. म्हटलं, पाणबुड्यांना असल्याच लहरींनी संदेश धाडतात म्हणे, तसला आहे का? का ताऱ्यांकडून काही येऊन राहिलंय? मी जावेचा हात घट्ट धरला.

"अगं, कुणीतरी बोलतंय!"

तिनं हेडफोनचं एक टोक कानाला लावलं, जरा ऐकलं. "आक्का, हे माझं मशीन हाय." आणि आत जाऊन बटण बंद केलं. टकटक थांबली. परत चालू केलं, परत टकटक. आत भिंतीवर ती डबी प्रत्येक ठोक्याला लाल दिवा मिचकावत होती.

"बोलू द्या की तारे," म्हणाली, "मी बटण चालूबंद करून उत्तर देते त्यास्नी."

मी हिरमुसले खरी. म्हटलं, तुझ्या मशीनपासून लांब जाऊन ऐकते. चौकट खांद्याला लावली आणि बांधानं विहिरीकडं चालले. आता बघा, लांब गेल्यावर आवाज कमी व्हायला पाहिजे का नाही? तर तारेच्या कडेकडेनं तो तेवढाच. विहीर आली तरी तेवढाच. आणि विहीर ओलांडून थोडं पुढं गेले, तर एकदम बारीक. मागं आले, टक्. पुढं गेले, गप.

मी तिथंच उभी राहिले. तारेतून वीज वाहते तोवर माझं वेटोळं टकटकतं. इथून पुढं टकटक नाही, म्हणजे इथून पुढं वीजच जात नाही.

"ए, इकडं ये गं! आणि काठी घेऊन ये."

आली. तिला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. तिनं हिरव्या गवताची काडी तोडली. तारेत झटका आहे का नाही हे तिकडं असंच बघतात, गवताच्या काडीनं बारीक चावतं. अलीकडं लावली, बोट मागं घेतलं. पलीकडं लावली. परत लावली. मग सरळ हात लावला.

"आगं बया! इथं तर काहीच न्हाई!"

विहिरीपलीकडंच नदीकडची बाजू. डुकरं तिकडूनच यायची.

तेवढ्यात रस्त्यानं जाणाऱ्या शेजारच्या शेतवाल्यानं चौकट बघून मोटारसायकल थांबवली. "मावशी, जमिनीची मोजणी लागली काय?"

"हाव," जाऊ म्हणाली, "तुझ्या बांधापर्यंत आलो. उद्या तुझ्याकडं येतो." तो गाडी बंद न करताच निघून गेला.

आता त्या तेवढ्या जागेत काय आहे ते बघायचं होतं. तारेवर जागोजागी जुन्या साड्या बांधलेल्या. डुकरं रंगाला आणि फडफडीला बिचकतात म्हणून गावात सगळेच बांधतात. जावेनं म्हटलं होतं, तार बी असू दे, साड्या बी असू देत, दुहेरी बंदोबस्त. विहिरीजवळची एक साडी गुंडाळत गुंडाळत तारेला पार बिलगली होती. काठ तारेवर, पदर खाली वाफ्यात, स्प्रिंकलरच्या पाण्यानं चिंब. अंधारून आलं होतं म्हणून दिसलं. प्रत्येक टक् ला काठावर निळी ठिणगी उडत होती. जरीचा काठ होता ना तो, धातूच्या तारेचा! मशीनची सगळी वीज त्या जरीतून उतरून चिखलात जिरत होती.

मशीन बंद करून तिनं साडी सोडवली. मी पदर झटकला, चिखल पुसला. आमसुली रंग, हिरवा काठ, जरीच्या कोयऱ्या.

"अगं, ही तर माझ्या लेकीच्या लग्नातली मानाची साडी! मी स्वतः निवडलेली!"

जाऊ विहिरीत बघायला लागली.

"एकदा तरी नेसलीस का गं?"

"लई टोचती आक्का ती. म्हणलं, डुकरास्नी तरी टोचंल."

मला जे हसू फुटलं ते थांबेना, आणि मी हसते म्हणून ती हसली, बांधावर बसून दोघी डोळे पुसत राहिलो. मग उठून सगळ्या साड्या तारेपासून हातभर मागं, लाकडी खुंट्यांवर बांधल्या. मशीन चालू केलं. नदीकडच्या तारेला तिनं काडी लावली आणि "आई गं!" म्हणून उडीच मारली. एवढ्या आनंदानं ओरडलेलं मी कुणाला ऐकलं नाही.

मी मुक्काम वाढवला. रोज सकाळी आम्ही नदीकडं जाऊन बघायचो. डुकरांचे खूर तारेपर्यंत यायचे आणि तिथून भेदरल्यासारखे मागं फिरलेले असायचे. संध्याकाळी पार अंधारून येईपर्यंत ती माझ्यासाठी मशीन बंद ठेवायची, म्हणायची, "ऐका तुमच्या विजा, मी हाय राखणीला." एकदा तिनंही नीट हेडफोन घालून "टिऊं" ऐकलं.

"कुठं पडली असंल ही?"

"कुणास ठाऊक. समुद्रापलीकडं कुठंतरी."

"मग तिकडं पाऊस हाय म्हणायचा," ती म्हणाली, आणि बराच वेळ ऐकत राहिली.

भुईमूग काढायच्या दिवशी पोरगा लातूरहून आला, सोबत तो बटईदार. दोघं बांधावर उभे राहून बघत होते. जावेनं एक वेल उपटला, माती झटकली आणि पोराच्या नाकासमोर धरला. शेंगांनी लगडलेला. पोरानं एक शेंग तोडून फोडली. बटईदार म्हणाला, "काकू, लई भारी आलाय की!"

"आलाय ना? मग बूट काढा दोघं," ती म्हणाली, "आन् ही सरी धरा. उपटता उपटता बोलू बटईचं."

दोघांनीही बूट काढले. सरी संपेपर्यंत बटईचा विषय कुणी काढला नाही, आणि जेवणाच्या वेळी पोरगा आईला विचारत होता, खरिपाला बियाणं कुठलं आणू.