आत बघणारा चेहरा

पट्टीकाका पेपर वाचायचे नाहीत, बघायचे. आमच्या सांजदैनिकात त्यांचं उभं आयुष्य गेलं, पण आज अंकात काय आहे असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "वर एक दणका आहे, मधे फोटो आहे, खाली जरा गर्दी झालीये." दणका कशाचा, ते तुमचं तुम्ही बघा.

शर्टाच्या कॉलरीत मागून पोलादी पट्टी खोचलेली, म्हणून हे नाव. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी शिपायाच्या तोंडून ऐकू यायचं, आणि तेव्हा ओ द्यायला काकाच विसरायचे.

संगणक यायच्या आधीची गोष्ट. मजकूर गुळगुळीत कागदाच्या लांब पट्ट्यांवर यायचा. काका उतरत्या टेबलावर कोरा तक्ता पसरायचे, ब्लेडनं पट्ट्या कापायचे, मागं डिंक फासायचे आणि पान लावायचे. सकाळभर हे चालायचं, दुपारी छपाई, आणि लोक कामावरून सुटायच्या आत अंक रस्त्यावर. बातम्या तपासायला मी त्यांच्या शेजारच्याच टेबलावर होतो. त्या खोलीतला डिंकाचा आणि शाईचा वास माझ्या कपड्यांना सुट्टीच्या दिवशीही यायचा. बायको नाक मुरडायची. आता तो वास कुठं मिळत नाही, आणि नाक मुरडायलाही कुणी नाही.

मी गावचा माणूस, मला ते पान म्हणजे वावर वाटायचं. सऱ्या पाडल्यासारखे कॉलम, बांध घातल्यासारख्या रेघा. एकदा काकांना तसं म्हणालो. ते म्हणाले, "मग वावरात कडेपर्यंत पेरता का? औत वळवायला जागा सोडता ना? तशी इथंही सोडायची." कुणी येऊन म्हणालं, की काका, इथं कोरं राहिलंय, चार ओळी वाढवू का, की काका भडकायचे. "श्वास घेऊ द्या की त्याला! नाकातोंडात अक्षरं कोंबून मारता का?"

त्यांचे कायदे ठरलेले. मोठी बातमी घडीच्या वर, कारण रस्त्यावरच्या गठ्ठ्यात तेवढंच पान दिसतं. पण खालीही काहीतरी वजनदार हवं, नाहीतर पान डोईजड होतं. दोन मोठे मथळे खांद्याला खांदा लावून नकोत. "दोन जावा एका दारात भांडायला उभ्या केल्यासारखं होतं. ऐकू कुणाचंच येत नाही." अपघाताच्या बातमीला खेटून दंतमंजनाची हसरी बाई आली, तर त्या बाईची उचलबांगडी.

आणि सगळ्यांत कडक कायदा चेहऱ्यांचा. फोटोतला माणूस पानाच्या आतच बघायला हवा. "तो बाहेर बघायला लागला, की वाचणाराही त्याच्या मागोमाग बाहेर जातो. मग आपण छापायचं कुणासाठी?"

चेहरा बाहेर वळलेला असेल तर काका फोटोची जागा बदलायचे. जागा बदलणं जमत नसेल तर फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं उलटा बाण काढायचे. मग कॅमेऱ्याच्या खोलीतला चष्मेवाला निगेटिव्ह पालथी घालायचा आणि डावीकडे बघणारा गडी निमूट उजवीकडे बघायला लागायचा. भल्याभल्या पुढाऱ्यांना काकांनी असं तोंड फिरवायला लावलं होतं. एकाचीही तक्रार आली नाही.

काकांचे थोरले भाऊ शिंपी होते. त्यांना काका दादा म्हणायचे, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. उतारवयात त्यांची आठवण उसवत चालली होती. आधी गिऱ्हाइकांची मापं विसरले, मग नावं, मग घराची गल्ली. एका सकाळी दूध आणतो म्हणून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. काकांनी रात्रभर दवाखाने, चौक्या, बसथांबे पालथे घातले आणि सकाळी तसेच चुरगळलेल्या कपड्यांत कामावर आले. म्हणाले, "माझ्या पायांपेक्षा पेपर लांब जातो."

वहिनी फोटो घेऊन आल्या तेव्हा पान अर्धं लागलं होतं. त्यांच्या दोन पायांत दोन जातीच्या चपला होत्या.

"हा एवढाच सापडला, भाऊजी. दुकान टाकलं तेव्हाचा."

संपादक स्वतः बाहेर आले. "काका, पहिल्या पानावर घ्या. वर."

"साहेब, हरवलेल्यांची जागा आत असते. आजवर कुणालाच मी—"

"तुमचा कायदा आज घाला चुलीत."

वर रिकामी करता येईल अशी एकच जागा होती, डावीकडच्या कडेचा कॉलम. उजवी कड कापडवाल्याच्या जाहिरातीनं अडवलेली. दादा फोटोत डावीकडे बघत होते. काकांनी पट्टी लावून माप घेतलं, फोटो पालथा केला, पेन्सिल फिरवली आणि चष्मेवाल्याकडे धाडून दिला. मग खालचा मजकूर चिकटवला. सडपातळ बांधा, डाव्या भुवईवर जुनी खोक, अंगात पांढरा सदरा. रात्रभराचं जागरण होतं, तरी रेघ मात्र सुतात होती.

वहिनी बाकावर बसून राहिल्या होत्या. यंत्रातून निघालेला पहिला अंक काकांनी धावत आणून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"हे कोण?"

"वहिनी, अहो, दादा."

"यांचा भांग या बाजूला कधी होता? आणि खोक इकडं कुठनं आली? सदऱ्याचा खिसा बघा! अख्ख्या जन्मात त्या माणसानं उजव्या अंगाला खिसा लावला नाही. हे माझे नव्हेत."

काका दाराकडे धावले. गठ्ठे भरून गाडी तोवर फाटकाबाहेर पडली होती.

"बाण काढला मी," काका म्हणाले. "वहिनी, हातानं काढला. हाताला काय कळतं, दादा कुठला आणि पुढारी कुठला!"

"माझा माणूस नुसता हरवला होता," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही त्याचा दुसराच करून टाकलात. आता माझ्याशी बोलू नका."

चष्मेवाला दारात येऊन उभा राहिला आणि तसाच मागच्या पावली गेला.

ऊन उतरल्यावर पहिला फोन आला. गावाबाहेरच्या बसथांब्यावरचा माणूस म्हणाला, असाच एक म्हातारा इथं बसला होता, पण त्याची खोक डावीकडं आणि फोटोतली उजवीकडं, म्हणून हटकलं नाही; मागाहून शंका आली. मजकूर वाचलास का, असं मी विचारलं. म्हणाला, एवढं कोण वाचतं, फोटो बघितला.

काका सायकल घेऊन सुटले. तासाभरानं आले तेव्हा एकटेच होते. "बाकडं रिकामं," एवढंच म्हणाले. वहिनींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. संपादक म्हणाले, उद्या पहिल्या पानावर सरळ छापू, मोठा छापू. काका म्हणाले, "उद्यापर्यंत तो कुठं जाईल, साहेब? आज त्याला ओळखू शकणारा माणूस मी आंधळा केलाय."

दिवेलागणीला पुन्हा फोन खणाणला. तोही मीच उचलला. पलीकडं कुणीतरी करवादत होता.

"पेपरवाले का? तुमचा एक माणूस आमच्या हॉटेलात बसलाय."

"आमचा कोण?"

"मला काय ठाऊक! गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला पेपर धरून बसलाय, सोडेना. म्हणतो, यात माझा फोटो आलाय. मी म्हटलं आजोबा, याची खोक या बाजूला, तुमची त्या बाजूला, हे तुम्ही नव्हे. तर माझ्यावरच डाफरले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, दाढी करताना रोज हाच समोर असतो, मला शिकवतोस का!"

मी हॉटेलचा पत्ता लिहून घेतला. कुणी आपल्याला ओळखो न ओळखो, आरशातला गडी उलटाच असतो, आणि त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात तेवढा एकच चेहरा शाबूत राहिला होता.

अंकांची गाडी परत आली होती. तिच्यातच आम्ही बसलो. वहिनी पुढे, मी आणि काका मागे रिकाम्या पोत्यांवर.

दादा हॉटेलातल्या कोपऱ्यातल्या बाकावर ताठ बसले होते, अंक छातीशी धरून. पायांत चप्पल नव्हती. त्यांनी आधी काकांकडे बघितलं.

"हे गृहस्थ कोण?"

"तुमचा धाकटा भाऊ," वहिनी म्हणाल्या.

"छे! तो एवढा म्हातारा कुठाय?"

हॉटेलवाला हसला. काका हसले नाहीत. खालमानेनं म्हणाले, "वहिनी, नशिबानं सापडला, पण चूक ती चूक. उद्या छापायला लावतो मी, की फोटो उलटा—"

वहिनींनी हातानंच त्यांना गप्प केलं. त्या दादांच्या शेजारी टेकल्या, अंक आपल्या मांडीवर घेतला आणि त्या फोटोवरून बोट फिरवलं. भांगावरून, खोकेवरून, मग खिशावरून.

"हे तुम्हीच का?"

"मग काय तू?" दादा म्हणाले.

वहिनींनी अंकाची नीट घडी घातली आणि ती दादांच्या हातात परत दिली. "तुम्ही म्हणता तर तुम्हीच."

मग मागं न बघता म्हणाल्या, "भाऊजी, उभे काय राहिलात? पलीकडनं हात धरा त्यांचा, पुढं पायरी आहे."