अंड्यांवरची आई

श्रीगोंद्याच्या रस्त्याला आमचं हुरडा पार्टीचं ठिकाण आहे. गिऱ्हाइकांच्या पोरांना बघायला काहीतरी हवं, म्हणून नवऱ्याने इमूंची जोडी आणली आणि पत्र्याच्या शेडला जाळी मारून आत ठेवली. दोन्ही पक्षी दिसायला सारखेच. त्या थंडीत कोपऱ्यात गडद हिरवी अंडी दिसली आणि एक इमू त्यांच्यावर बसला तो बसलाच. दुसरा घुमत घुमत जाळीच्या कडेने हिंडायचा. काम ना धंदा, नुसता तोरा, म्हणजे हाच नवरा, असं मी म्हणायचे.

माझी मुलगी तेव्हा तान्ही होती. तिच्यापायी शाळेतली नोकरी सोडली होती. चार भिंतींत मी नुसती कोंडून गेले होते. सासूबाई येईल त्याला शेड दाखवायच्या. “बघा, आईचं काळीज! खानं न्हाई, पानी न्हाई.” मग माझ्याकडे बघायच्या, कारण मी पुन्हा नोकरीचा विषय काढला होता. मला त्या इमूचा रागच यायचा.

त्या वर्षी थंडी लवकर पळाली. फेब्रुवारीतच पत्रा असा तापला की हात लावता येईना. ती इमू चोच उघडी टाकून धापा टाकायची, पण उठायची नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला. मरेल ती, पत्र्यावर निदान काहीतरी टाका, म्हणून मी रोज कानीकपाळी ओरडायचे. नवरा मोबाईलमधून डोकं वर काढायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, “आई हाय ती. सोसंल.”

शेवटी मीच जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते शेडमध्ये वाकले आणि हसायलाच लागले. “अहो, हा नर आहे. यांच्यात बापच अंडी उबवतो, मादी मोकळी. थंडीत वीण होणारा पक्षी हा. या उकाड्यात अंडी कधीच नासलीत. उठवा त्याला, नाहीतर जाईल.”

मग काय विचारता! नवरा पाण्याचा पाईप घेऊन पळत आला. भिजवलेली गोणपाटं पत्र्यावर पडली, अंडी उचलली गेली. इमू लटपटत उठला आणि बादलीत चोच घालून पीतच राहिला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बाप्यामानसाला किती दिस बसवून ठिवलं गं बाई!”

“आणि मला?” मुलीला खांद्यावर घेऊन मी मोठ्याने विचारलं.

सासूबाईंना वाटलं, मलाही तहान लागलीय. त्यांनी तांब्या पुढे केला.